तापच तर आहे, मग न्यायचं की नाही?

पत्र थोडक्यात, नाव-गाव गाळून: सातारा जिल्ह्यातून एका 37 वर्षांच्या सुनेने लिहिलंय. सासूबाई 64 वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, लाईट (रेडिएशन) घेतली, सोबत केमो झाली, वर्षभर बऱ्या होत्या, मग ओटीपोटात परत आला. गाठीने दोन्ही बाजूंची लघवीची वाट दाबलीये म्हणून पाठीतून दोन नळ्या टाकून पिशव्या लावल्यात. केमो बंद होऊन चार महिने झाले. पाच महिन्यांत तीनदा थंडी वाजून ताप आला, तीनदा ॲडमिट, तिसऱ्या खेपेला नऊ दिवस आयसीयूत. तिथं त्यांना भ्रम झाला, नळ्या ओढतात म्हणून हात बांधले होते. घरी आल्यावर एका रात्री सुनेला म्हणाल्या, "परत त्या काचेच्या खोलीत नको नेऊस मला." हे बाकी कुणाशी बोलल्या नाहीत. नवरा म्हणतो, "तापच तर आहे, कॅन्सर बरा होत नसेल पण ताप तर होतो ना?" ठाण्याच्या नणंदेने फोनवर ऐकवलं की वहिनीला आता करायचा कंटाळा आलाय. मागच्या आठवड्यात रात्री 101 ताप आला, सुनेने कुणाला न उठवता एक डोलो दिली, सकाळी ताप नव्हता. "मी चुकले का? आणि पुढच्या वेळी नेऊ की नको, एवढंच सांगा." सगळ्यात शेवटी ता. क. म्हणून एक ओळ: "काल म्हणत होत्या नातीची दहावीची परीक्षा होऊ दे, तोवर काढते कसंही."

ताई, आधी त्या डोलोचं बोलू. पत्रात तुम्ही ते एका ओळीत सांगून पुढे गेलात पण झोप उडालीये ती त्यानेच, हे कळतंय. मी डॉक्टर नाही, कॅन्सरच्या वॉर्डात 27 वर्षं सिस्टर होते, रिटायर झाल्यावर काही वर्षं घरोघरी जाऊन पेशंट बघितले, त्यामुळे जे सांगते ते बेडशेजारी उभं राहून बघितलेलं सांगते, गोळी कुठली आणि किती ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. त्या रात्री तुम्ही काही गुन्हा केला नाहीत. सासूबाई शुद्धीवर होत्या, नीट बोलत होत्या, पाणी प्यायल्या, असं तुम्हीच लिहिलंय. पण डोलोने थर्मामीटरवरचा आकडा उतरतो, जंतू असतील तर ते तिथेच बसलेले असतात, त्यामुळे सकाळी ताप नव्हता म्हणजे काही नव्हतंच असं धरू नका. त्या रात्री एक फोन व्हायला हवा होता. आणि तो कुणाला करायचा हे तुम्हाला कुणी सांगूनच ठेवलं नव्हतं, तीन तीनदा डिस्चार्ज दिला तरी, त्याचा दोष तुम्ही स्वतःवर का घेताय?

इथं जरा थांबून दुसऱ्या वाचकांसाठी सांगते, कारण ही डोलोची गोष्ट वाचून कुणी तसंच करेल. ज्यांच्या घरातल्या माणसाची केमो चालू आहे त्यांना वरचं काहीच लागू नाही. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी 500 च्या खाली असताना आलेला ताप हा धावपळ करायचाच ताप आहे. 100.4 तासभर टिकला किंवा एकदाच 101 दिसला तरी गोळी देऊन वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा, दारातच सांगायचं की केमो अमुक तारखेला झालीये, आणि पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला पाहिजे. केसपेपर काढायच्या रांगेत तास घालवू नका, भांडा पाहिजे तर. अशा पेशंटचा ताप संडासच्या जागेतून मोजायचा नाही, एनिमा द्यायचा नाही. आणि स्टेरॉइड चालू असेल, डेक्सा वगैरे, तर ताप चढतच नाही कधीकधी, नुसती ग्लानी येते, श्वास भराभर चालतो, हातपाय गार पडतात, म्हातारं माणूस असेल तर असंबद्ध बोलायला लागतं. आजार पुढे गेलेला असला तरी केमो चालू आहे तोवर हा नियम तोच.

आता तुमच्या मिस्टरांचं वाक्य. "तापच तर आहे." मला त्यांचा राग नाही आला, कारण हे वाक्य मी शेकडो मुलांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यात प्रेमच असतं, कॅन्सरपुढे काही चालत नाही तर निदान हे एक तरी आपल्याला जिंकता येईल असं वाटत असतं. पण त्यांनी ताप वेगळा आणि कॅन्सर वेगळा असे दोन खण केलेत ना, तसे दोन खण सासूबाईंच्या अंगात नाहीयेत. गाठीने वाट दाबली म्हणून नळी आली, नळी बाहेरून थेट किडनीत गेलीये म्हणून जंतूंना रस्ता मिळाला, नळीवर काही आठवड्यांत जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही, त्यात जेवण नाही, रक्त कमी, अंगातली ताकद गेलेली. म्हणजे हा ताप कॅन्सरच्या वाटेनेच घरात येतोय आणि जोवर वाट उघडी आहे तोवर परत परत येणार. तुम्ही पाठवलेली तीन डिस्चार्ज कार्डं मी शेजारी शेजारी ठेवून बघितली. पहिल्या वेळी सेफट्रायक्सोन, दुसऱ्या वेळी मेरोपेनेम, तिसऱ्या वेळी कोलिस्टिन. मिस्टरांना अँटिबायोटिकची ही तीन नावं दाखवा. ही पायऱ्या चढत जाण्याची गोष्ट आहे, प्रत्येक वेळी आधीच्याला न जुमानणारे जंतू उरतात आणि मग आणखी जड औषध लागतं, आणि कोलिस्टिनच्या वर आता फार काही पायऱ्या उरत नाहीत. शिवाय ते औषध किडनीलाच त्रास देतं, आणि इथं दुखणं किडनीचंच आहे.

पण म्हणून लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. "शेवटची स्टेज आहे, आता कशाला सुया टोचायच्या" हेही मी ऐकलंय, बऱ्याचदा घरच्यांपेक्षा पाहुण्यांकडून, जे चहा पिऊन जातात. तुमच्या सासूबाईंना थंडी वाजून ताप येतो तेव्हा दरवेळी ते शेवटचंच असतं असं नाही. नळी चोंदली की वर लघवी तुंबते, तुंबली की सडते, आणि मग हुडहुडी भरते. अशा वेळी नळी बदलली की कधीकधी दुसऱ्याच दिवशी माणूस उठून बसून चहा मागतं. ते काम आयसीयूचं नाहीये, एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर बघून जागा बधिर करून करतात, पुष्कळदा त्याच दिवशी घरी सोडतात. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये अँटिबायोटिकने जळजळ, कळा, हुडहुडी कमी होते, म्हणजे आयुष्य वाढो न वाढो, त्रास कमी व्हायला औषध उपयोगी पडतं. हेच जर छातीतलं इन्फेक्शन असतं आणि माणूस शेवटच्या काही दिवसांत असतं तर मी वेगळं बोलले असते, तिथं सलाईनवर सलाईन लावून बहुतेक वेळा हात सुजण्यापलीकडे काही होत नाही आणि धाप कमी करायला थोडं मॉर्फिन जास्त कामाला येतं. तेव्हा "ताप आला की नेऊ की नको" याला हो किंवा नाही असं एक उत्तर नाही, मला द्यायचं असतं तरी देता आलं नसतं. कुठला ताप, कशाने आलाय, आणि उपचार कुठवर करायचे, असं तुकड्यातुकड्याने ठरवावं लागतं. आणि हे ठरवायला रात्रीचे दोन ही वेळ सगळ्यात वाईट. ताप नसलेल्या दिवशी ठरवायचं. आज ताप नसेल तर आजच.

आता तुमच्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं. तुम्ही ती दोन वेगळ्या पानांवर लिहिलीत. एक, काचेच्या खोलीत नको. दुसरं, नातीची परीक्षा होऊ दे तोवर काढते. तुम्ही पहिलं ऐकून ठरवलंत की त्यांना आता उपचारच नकोयत, आणि तेच मनात दाबून बसलात, म्हणून त्या रात्री कुणाला उठवलं नाहीत, हो की नाही? पण दुसरं वाक्य उपचार नको म्हणणाऱ्या बाईचं नाहीये. त्यांना काहीतरी नकोय आणि काहीतरी हवंय आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे. काचेची खोली म्हणजे त्यांना नेमकं काय म्हणायचंय ते विचारलंत का? मला तरी वाटतं हात बांधले होते ते असावं. किंवा दिवसाला दहा मिनिटं भेटायला सोडायचे आणि बाकी वेळ एकही ओळखीचा चेहरा नाही, ते असेल. किंवा अंगावर नीट कपडा नसायचा. माझ्या वॉर्डातल्या एक आजी आयसीयूचं नाव काढलं की रडायच्या, सगळ्यांना वाटायचं मरणाची भीती, शेवटी एका मावशीने विचारलं तेव्हा कळलं की तिथं त्यांचं मंगळसूत्र काढून पाकिटात घातलं होतं. एवढंच. तेव्हा विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारायचं कसं, तर शांत वेळ बघून, पाय चेपताना वगैरे, सरळ आपल्या बोलीत. "आई, त्या वेळी दवाखान्यात सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला?" "परत ताप आला आणि नळी बदलून येऊ म्हटलं तर याल का?" "नळी बदलूनही नाही उतरला तर मग काय करायचं, तुम्हाला काय वाटतं?" तिसरा प्रश्न अवघड आहे, तिथं त्या गप्प बसतील किंवा "तुम्ही बघा काय ते" म्हणतील. गप्प बसल्या तर बसू द्या. घाईने "काही होत नाही तुम्हाला" असं म्हणू नका, आपण सगळे तेच म्हणतो आणि बोलणं तिथंच मिटतं.

आणि हे त्यांनी मुलाला न सांगता सुनेला का सांगितलं असेल? मुलाचं तोंड बघवलं नसेल त्यांना, दुसरं काय. पण त्यामुळे झालंय काय की त्यांची इच्छा तुमच्या तोंडून बाहेर पडली तर ती तुमची इच्छा ठरणार. सून म्हणते नेऊ नका, झालं, उद्या ठाण्याहून पाच जण बोलायला तयार. हे ओझं एकटीने उचलू नका. नणंदेला उत्तर देत बसू नका, त्या लांबून घाबरल्यात आणि लांबचं माणूस घाबरलं की जवळच्या माणसाच्या चुका काढतं, हे मी इतकं बघितलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. त्यांना आठवडाभर राहायला बोलवा. खरंच बोलवा. दोन्ही पिशव्या रिकाम्या करायच्या, ड्रेसिंग बदलायचं, रात्री दोनदा उठायचं, चार दिवसांत त्यांचं बोलणं बदलेल किंवा नाही बदलणार, पण निदान आईशी त्यांचं बोलणं होईल. तुम्हाला कंटाळा आलाय का, तर आला असेल. आला तर आला. पाच महिने जागरण केलेल्या माणसाला कंटाळा येतो आणि तरी ते माणूस पहाटे उठून पिशवी बघतं.

पुढच्या तपासणीला मिस्टरांना आणि जमलं तर नणंदेला फोनवर घेऊन डॉक्टरांसमोर बसा, आणि सासूबाईंना बोलू द्या. ओपीडीच्या गर्दीत नाही होणार हे, आधी सांगून वेगळा वेळ मागा. डॉक्टरांना विचारायचं ते असं: या पुढच्या तापाला किती पायऱ्यांपर्यंत जायचं? घरी पोटातून औषध. मग गावातल्या किंवा जवळच्या दवाखान्यात दिवसातून एकदा इंजेक्शन, काही अँटिबायोटिक दिवसाला एकदाच द्यायची असतात, ती घरीही देता येतात. मग वॉर्डात ॲडमिट, नळी बदलणं. त्याच्या पुढे आयसीयू, बीपी वर ठेवायची औषधं, व्हेंटिलेटर, डायलिसिस. सगळ्यांच्या डोक्यात फक्त पहिली आणि शेवटचीच पायरी असते, एक तर घरी मरू द्या नाहीतर आयसीयू. मधल्या पायऱ्यांवर पुष्कळ काही करण्यासारखं आहे. माझा अंदाज, आणि अंदाजच, की तुमच्या सासूबाई नळी बदलायला आणि वॉर्डातल्या सलाईनला हो म्हणतील आणि त्यापुढे नको म्हणतील. पण ते त्यांनी म्हणायचंय.

मिस्टर अगदीच ऐकत नसतील तर डॉक्टरांना मुदत घालून उपचार करायला सांगा. म्हणजे अँटिबायोटिक सुरू करायचं, नळी बदलायची, 48 ते 72 तास बघायचं. ताप उतरतोय, लघवी सुटतीये, माणूस ओळखतंय, तर पुढे चालू. नाहीतर औषधांचा भार कमी करून नुसता त्रास कमी करण्याकडे वळायचं, आणि हे वळायचं आधीच ठरलेलं असल्यामुळे त्या क्षणी "आपण आईला सोडलं" असं मुलाला वाटत नाही. औषध देऊन बघितलं हे समाधान मुलांना लागतं, मी त्याला कमी लेखत नाही. त्याच बरोबर डॉक्टरांना हेही विचारून घ्या की भ्रम झाला तर हात बांधण्याआधी दुसरं काय करता येतं, घरचं एक माणूस जवळ बसू देतील का. इन्फेक्शनमध्ये भ्रम होणं अगदी नेहमीचं आहे, त्याला औषध आहे, आणि ओळखीचा आवाज हे पण औषधच आहे.

कायद्याची भीती घातली जाते ती वेगळीच. "उपचार थांबवले तर केस होईल" असं कुणीतरी म्हणतंच. अरुणा शानबाग आमच्यातल्याच, सिस्टर होत्या, 1973 च्या हल्ल्यानंतर 42 वर्षं केईएममध्ये तशाच पडून होत्या, त्यांच्या केसमध्ये 2011 ला सुप्रीम कोर्टाने असे उपचार थांबवायला पहिल्यांदा, अटी घालून, मान्यता दिली. त्या गेल्या 2015 ला, न्यूमोनियाने. म्हणजे शेवट तिथंही इन्फेक्शननेच झाला. मग 9 मार्च 2018 ला कोर्टाने स्पष्ट सांगितलं की माणसाला आधीच लिहून ठेवता येतं, बरं होण्याची आशा नसताना मला नुसतं मशीनवर जगवून ठेवू नका म्हणून. आधी त्यात मॅजिस्ट्रेटची सही वगैरे फार कटकट होती, जानेवारी 2023 मध्ये ती काढली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतात. उपचार काढून घ्यायची वेळ आली तर दवाखान्यात डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतं, ती त्यांची प्रक्रिया आहे. आणि पेशंट शुद्धीवर असेल, समजून उमजून नको म्हणत असेल, तर तिचं नाही म्हणणं हे नाही म्हणणंच असतं, त्याला मुलाच्या सहीची गरज नाही. तुमच्या सासूबाई आज शुद्धीवर आहेत, हे विसरू नका. एक मात्र आहे, घाबरून मधेच "डामा" करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून माणूस घरी आणणं, हे सगळ्यात वाईट. तसं आणलं तर सोबत ना मॉर्फिन मिळतं ना चिठ्ठी ना फोन नंबर, आणि घरी जे हाल होतात ते बघून लोक परत पळत आयसीयूत नेतात. घरीच ठेवायचं ठरलं तर नीट डिस्चार्ज घेऊन, औषधं घेऊन, काय झालं तर काय द्यायचं ते लिहून घेऊन आणा.

घरचं थोडं सांगते, विस्कळीत आहे, आठवेल तसं लिहितीये. पिशव्या कमरेच्या खाली राहू द्या, अर्ध्याहून थोड्या जास्त भरल्या की ओता, नळीला पीळ पडलाय का ते कूस बदलल्यावर दरवेळी बघा. दोन्ही पिशव्यांची लघवी वहीत लिहा, एका बाजूची अचानक कमी झाली, नळीच्या कडेने कपडा ओला व्हायला लागला, कमरेत दुखायला लागलं, तर ताप यायची वाट न बघता फोन करा, ती चोंदायला लागलीये. नळ्या साधारण तीन महिन्यांनी बदलायच्या असतात, तुमची तारीख कार्डावर बघा, मला तरी ती उलटून गेल्यासारखी दिसतीये, हा फोन उद्याच करा. उलट, ताप नाही, त्रास नाही आणि कुणीतरी उगाच लघवी तपासायला दिली, रिपोर्टमध्ये जंतू आले, तर घाबरू नका, नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते असतात, नुसत्या रिपोर्टला औषध द्यायचं नसतं. असं औषध देऊन देऊनच त्या तीन कार्डांवरच्या पायऱ्या लवकर संपतात. मेडिकलवाल्याकडून मागच्या वेळची उरलेली गोळी तर अजिबात नको.

गावातल्या डॉक्टरांना आत्ताच जाऊन भेटा आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती चालते त्याचा, रिपोर्ट दाखवून सांगा की यांच्या दोन्ही किडन्या नळीवर आहेत. तापाला डायक्लोचं इंजेक्शन आणि इन्फेक्शनला अमिकासिन ही आपल्याकडची नेहमीची जोडी, चांगल्या हेतूने देतात, पण दोन्ही किडनीवर पडतात. आणि मॉर्फिन चालू आहे ना? किडनी कमी चालली की मॉर्फिन अंगात साठतं, मग खूप झोप येते, हातपाय अचानक उडतात, भलतंसलतं दिसतं. तो इन्फेक्शनचा भ्रम वाटतो पण कधीकधी डोस कमी केला, औषध बदललं की माणूस परत बोलायला लागतं. मनाने मॉर्फिन बंद मात्र करू नका, फोन करा.

अजून एक, जे तुम्ही लिहिलं नाही पण या आजारात बायका कधीच लिहीत नाहीत. अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, त्या वासामुळे त्या नातीला जवळ येऊ देत नसतील. तो वास कॅन्सरच्या जखमेतल्या जंतूंचा असतो आणि त्याला मेट्रोनिडाझोल, आपली जुनी स्वस्त गोळी, चांगली लागू पडते, पोटातून किंवा जखमेवर कशी वापरायची ते डॉक्टर सांगतील. हे पण इन्फेक्शनच, आणि याने जीव वाचत नाही, पण मी बघितलंय की वास गेला की बाई दार उघडं ठेवायला लागते.

पैशाचं तुम्ही शेवटी कंसात लिहिलंय, अर्धा एकर गहाण पडलाय म्हणून, आणि पुढे "हे लिहायला नको होतं" असंही लिहिलंय. का नको होतं? नातीचं पुढचं शिक्षण त्याच अर्ध्या एकरात आहे आणि सासूबाईंना विचारलंत तर हे पहिलं त्याच बोलतील. महात्मा फुले योजनेत पुढच्या खेपेचं काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. काही जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, विभाग आहे, तुमच्या इथं चौकशी करा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून आहे, तिथं पेशंटकडून पैसे घेत नाहीत, घरच्या एका माणसाला सोबत राहता येतं, ताप-दुखणं आटोक्यात आणून परत घरी पाठवतात. मुंबईच्या वाचकांसाठी, टाटाच्या पॅलिएटिव्ह विभागाची माणसं घरी येतात, आणि वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, त्यांची गोव्यातही शाखा आहे. पॅलिएटिव्ह म्हटलं की "आता संपलं" असं लोकांना वाटतं, पण तिथलेच डॉक्टर नळी बदलायला पाठवतात आणि अँटिबायोटिकही देतात, गरज असेल तिथे.

आणि एखाद्या तापात काहीही केलं नाही, किंवा करून उपयोग झाला नाही, तर काय होईल हेही तुम्हाला माहीत पाहिजे, कारण न विचारता तुम्ही तेच विचारताय. बीपी उतरत जातं, माणूस ग्लानीत जातं, काही तासांत किंवा दोनचार दिवसांत संपतं. त्यात तगमग झाली तर औषध आहे, धाप लागली तर मॉर्फिन आहे, तापाला डोलो किंवा तोंडाने जात नसेल तर दुसऱ्या मार्गाने औषध आहे, ओठ ओले ठेवायचे. शेवटी घशात घरघर वाजते, ती ऐकून लोक कफ झाला म्हणून परत अँटिबायोटिकला धावतात, ती घरघर इन्फेक्शनची नसते, गिळायची ताकद गेली की थुंकी तिथं साठते, कुशीवर झोपवलं की कमी होते, आणि तिचा त्रास ऐकणाऱ्यालाच जास्त होतो. हे सगळं घरी होऊ शकतं, फोन उचलणारं कुणी असेल तर.

तर उद्या नळीच्या तारखेचा फोन, या आठवड्यात सासूबाईंशी बोलणं, मग मिस्टरांना घेऊन डॉक्टर. जे ठरेल ते एका कागदावर मराठीत लिहा, ताप आला तर आधी कुणाला फोन, कुठे न्यायचं, कुठवर करायचं, काय करायचं नाही, खाली सासूबाईंची सही किंवा अंगठा, आणि तो फ्रीजवर लावा, कपाटात नको. मार्चमध्ये नातीचे पेपर संपतील. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी तो कागद काढून त्यांना परत वाचून दाखवा आणि विचारा, आई, अजून असंच ठेवायचं की बदलायचं?